देवघरातलं सयामचं नाणं

आमचे सासरे, नाना, घरी आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी त्याच्या तळहातावर एक चांदीची गोळी ठेवायचे आणि म्हणायचे, ‘‘ओळखा!’’ चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या आदल्या वर्षी मला बघायला आले तेव्हाही तेच. नाव-गाव राहिलं बाजूला. मी म्हणाले, ‘‘पूजेतली चांदीची सुपारी.’’ ‘‘चूक! सयामच्या राजाचं नाणं आहे हे, आताच्या थायलंडचं!’’ तरी लग्न जमलं, हे माझं नशीब.

मग भेस्तानच्या त्या दोन खोल्यांत रोज तेच पुराण, हे नाणं कसं घडवायचे त्याचं. चांदीची कांडी घ्यायची, दोन्ही टोकं हातोडीनं ठोकून आत वळवायची, वर चक्राचा ठसा, पुढे मुकुटाचा. सराफाकडे मोडीत वितळायला निघालेलं ते नाणं नानांनी सोडवून आणलं होतं. शेजारच्या कोकिळाबेन ‘‘आ तो बटन छे, नाना!’’ म्हणाल्या आणि तासभर अडकल्या. बिचारीचं दूध उतू गेलं.

एकदा सत्यनारायणाला सुपारी कमी पडली. सासूबाईंनी खुशाल ते नाणं गुरुजींच्या हातात दिलं. नाना बँकेतून आले तोवर ते तांदळावर बसून हळदकुंकू ल्यालं होतं.

‘‘अहो, नाणं आहे ते!’’

‘‘आवाहन झालं, नाना. आता हे गणपती,’’ गुरुजी म्हणाले.

विसर्जन झालं की नाणं परत मिळालं असतं. पण सासूबाई हटून बसल्या, ‘‘घरात आलेला देव मी उठवायची नाही.’’ वर रोज रांगोळीनं खसाखसा घासायच्या. ‘‘अगं, चक्र झिजतंय!’’ नाना कळवळायचे. शेवटी जन्मात हात न जोडलेल्या या माणसानं पूजाच स्वतःकडे घेतली. नाण्याला कोमट पाणी, मग मलमलीचं फडकं. शेजारी सासूबाई वाती वळत बसायच्या, दोघांची कुरबुर चालायची, आणि नैवेद्याशिवाय जेवण नाही म्हणून आम्ही ताटकळत! दर अनंत चतुर्दशीला नाना म्हणायचे, ‘‘आता तरी सोड त्याला.’’ उत्तर ठरलेलं, ‘‘नाही.’’ मी दोघांपुढे हात टेकले होते.

नाना गेले. चौदाव्या दिवशी सासूबाईंनी नाण्यावर अक्षता टाकल्या, ते देवातून उचललं, मलमलीनं पुसलं आणि नानांच्या फोटोपुढे ठेवलं. ‘‘घ्या तुमचं नाणं.’’

मला रडू फुटलं, आणि संतापही आला. ‘‘अहो आई, एवढंच होतं तर ते असतानाच का नाही दिलंत?’’

‘‘दिलं असतं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तर रोज तासभर माझ्याशेजारी बसले असते का?’’