वन्संचं नाक आणि साडेतीनशे माणसांची वाइन

माझ्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा व्याह्यांनी आमच्याकडे एकच गोष्ट मागितली. रिसेप्शनची वाइन. हॉल त्यांनी ठरवला होता, बॅण्ड त्यांचा होता, केकसुद्धा त्यांच्याकडचा. सकाळी आमच्या गावी, पार्श्यात, आमच्या पद्धतीने लग्न आणि संध्याकाळी म्हापशाजवळच्या हॉलमध्ये साडेतीनशे माणसांचं रिसेप्शन, असं ठरलं. विहीणबाई चहाचा कप खाली ठेवत अगदी सहज म्हणाल्या, ‘‘टोस्टाला आणि जेवणाबरोबर थोडी वाइन लागेल. ती तेवढी तुम्ही बघा. महागाची मुळीच नको हां.’’

मी ‘हो’ म्हणून गेले. ‘महागाची नको’ हे ऐकून मला हायसंच वाटलं होतं. महागाची निवडायला अक्कल लागत नाही, स्वस्तातली चांगली निवडायला लागते, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी तीस वर्षं पेडण्याच्या एका शाळेत शिकवलं. दर दोन ऑक्टोबरला व्यसनमुक्तीवर भाषण माझंच असे. आणि माझ्या नवऱ्याची पार्श्यात काजूची भट्टी आहे, वडिलांकडून आलेली. म्हणजे मार्च ते मे तो दारू गाळणार आणि ऑक्टोबरात मी तिला शिव्या देणार. आमचा संसार असा दोन्ही बाजूंनी नीट चाललेला होता. काजूची पहिली धार हुर्राक आणि दुसरी फेणी आमच्या घराला नवी नव्हती. पण द्राक्षाची वाइन आमच्यापैकी कोणीच कधी तोंडाला लावलेली नव्हती.

नवरा म्हणाला, ‘‘दारू ती दारू. त्यात काय निवडूचा?’’

‘‘तुमचे व्याही तीस वर्षं बोटीवर होते,’’ मी म्हटलं. ‘‘जेवणघरात. गोऱ्या लोकांना वाइन ओतायचं काम होतं त्यांचं.’’

हे ऐकल्यावर तोच पिशवी शोधायला उठला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पेडण्याच्या बाजारातल्या वाइनच्या दुकानात गेलो. गल्ल्यावर बसलेला गृहस्थ मला बघून ताडकन उभा राहिला आणि हातातली सिगारेट त्याने काउंटरखाली नेली. माझा जुना विद्यार्थी होता तो. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, पण उभं राहण्याची पद्धत आठवीतलीच.

‘‘टीचर, तुम्ही? हयसर?’’ तो म्हणाला. ‘‘सह्या गोळा करतात काय? दुकान हलवूक सांगतात?’’

‘‘वाइन घ्यायला आलेय,’’ मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि आतून खुर्ची आणली. काउंटरखालून धूर वर येत होता. आम्ही दोघांनीही तो दिसत नसल्यासारखं केलं. मी अडचण सांगितली. साडेतीनशे माणसं, पैसे बेताचे, व्याही बोटीवरचे.

‘‘टीचर, साडेतीनशांत वाइन समजणारी माणसं तीन असतात,’’ तो म्हणाला. ‘‘त्यातली दोघं काही बोलत नाहीत. तुम्हाला एकालाच सांभाळायचाय.’’

‘‘तो एक आमचा व्याहीच आहे,’’ नवरा म्हणाला.

दुकानदाराने कपाळाला हात लावला. मग त्याने स्वस्तातल्या पाच बाटल्या काढल्या, वर एक जरा महागातली ठेवली, आणि म्हणाला, घरी नेऊन चाखा, जी आवडेल तिचे खोके पाठवतो. पिशवीत बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या. बसस्टॅण्डपर्यंत मला चार पालक भेटले आणि चौघांनीही पिशवीकडे बघून ‘काय टीचर, बाजार?’ असं विचारलं. मी चौघांनाही ‘व्हिनागर’ असं सांगितलं. एवढं व्हिनागर कशाला, असं विचारायचा धीर त्यांना झाला नाही.

मुलगी शनिवारी पणजीहून आली ती इंटरनेटवरून छापलेली पानं घेऊनच. मांसाला तांबडी, माशाला पांढरी, ग्लास देठाला धरायचा, आधी वास घ्यायचा, मग घोट तोंडात घोळवायचा. तिने बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून त्यांवर एक ते सहा आकडे घातले, म्हणजे किंमत कोणाला कळू नये. आमच्याकडे देठाचे ग्लास नव्हते. सरबताचे घेतले.

त्या दिवशी घरात आणखी एक माणूस होतं. माझ्या थोरल्या नणंद, आमच्या वन्सं. त्या सर्वण गावी दिलेल्या. लग्नाच्या तयारीला म्हणून आठ दिवस आधी आल्या होत्या. सोवळं फार नाही, पण उपास भरपूर, आणि दारूचं नाव काढलेलं त्यांना खपत नाही. आम्ही ओसरीवर बाटल्या मांडल्या तशा त्या पाट उचलून दाराजवळ गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून कापसाच्या वाती वळायला बसल्या.

पहिला घोट मी घेतला. साठी जवळ आलेली असताना आयुष्यातला पहिला. लहानपणी ताप आला की डॉक्टर जे लाल औषध देत असत, ते आठवलं. दुसरी बाटली म्हणजे आमसुलाच्या पाण्यात कोणी किल्ली बुडवून ठेवावी तशी. मुलगी ग्लास फिरवून ‘चेरी... थोडी मिरी...’ असं पानावरचं वाचत होती. नवऱ्याने फेणी तपासतात तशी बाटली जोरजोरात हलवून डोळ्यांसमोर धरली. चांगल्या फेणीत असे मण्यांसारखे बुडबुडे येतात, त्यावरून तो जोर ओळखतो.

‘‘मणी खंय?’’ तो म्हणाला. ‘‘एक मणी नाय. पाणी घातलानी.’’

आणि त्याने तो ग्लास सगळा संपवला. मुलीने सांगितलं होतं की चाखून थुंकायचं. त्याने विचारलं, ‘‘पैसे दिलेत मा?’’ आणि तिसरी ओतली. तिसरी त्याला फार आवडली. ‘‘हीच घ्या,’’ तो म्हणाला. ‘‘हिका जरा चव आसा.’’

दाराकडून आवाज आला. ‘‘ती गेलेली आसा.’’

आम्ही तिघांनीही मान वळवली. वन्संची पाठ तशीच होती. हात वातीवर चालू होते.

‘‘काय गेली, आत्या?’’ मुलीने विचारलं.

‘‘तिसरी. आंबली ती. बूच काढल्याबरोबर कळला माका. आणखी चार दिवसांनी लोणच्यात घाला.’’

‘‘बाय, तू कित्याक नाक खुपसतंस?’’ नवरा म्हणाला.

‘‘मी खुपसूक नाय. वासच माझ्या नाकात आयलो.’’

मुलीने पानं चाळली. एका पानावर खराब वाइनची लक्षणं दिली होती. तिने तिसरा ग्लास हुंगला, पुन्हा वाचलं, आणि म्हणाली, ‘‘आई, आत्या बरोबर सांगतेय.’’

मग मला ते कळलं, जे तीस वर्षं त्या घरात नांदून मला माहीत नव्हतं. वन्सं सात-आठ वर्षांच्या असल्यापासून माझे सासरे त्यांना भट्टीवर हाक मारत. काजूच्या बोंडांचा रस आंबत ठेवलेला असे. तो गाळायला तयार झाला की नाही, हे वन्सं नुसत्या वासावरून सांगत. ‘आज नको, उद्या सकाळी,’ असं म्हणत, आणि सासरे दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवत. थेंब कधी तोंडाला लावला नाही. लग्न होऊन सर्वणला गेल्या, आणि भट्टी मुलगा म्हणून धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे आली.

‘‘तेका नाक नाय,’’ त्या भावाकडे न बघता म्हणाल्या. ‘‘पण बाबांचो झील तो.’’

चौथी बाटली नवऱ्याने ओतायला घेतली होती, ती खाली ठेवली.

मी वन्संच्या पुढ्यात जाऊन बसले आणि त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. बऱ्याच वेळाने त्या तयार झाल्या. अटी तीन. तोंडाला काही लावणार नाही, नंतर आंघोळ करणार, आणि सर्वणच्या माणसांना हे कधीही कळता कामा नये. मुलीने देवघराकडे हात करून शपथ घेतली.

वन्संनी पदर खोचला, ग्लास दोन बोटांनी धरून नाकाखालून एकदाच नेला आणि परत ठेवला. आमची पानं, घोळवणं, फिरवणं काही नाही. पहिल्या ग्लासाला म्हणाल्या, ‘‘साखर घालून रंगवलाला.’’ दुसऱ्याला, ‘‘कच्चा. घाई केलानी.’’ चौथा ग्लास हुंगून त्यांनी विचारलं, ‘‘जेवणात काय आसा?’’

‘‘कोंबडीची शागोती, तळलेली इसवण, पुलाव,’’ मी सांगितलं.

‘‘मगे ह्या घे. मसाल्याफुडे पातळ काय टिकाचा नाय. ह्या जरा गोड आसा, पण खोटा गोड नाय. पिकलल्या जांभळाचा.’’ पाचवी पांढरी होती. ती त्यांनी दोनदा हुंगली. ‘‘आणि माशाक ह्या. स्वच्छ आसा. लिंबाच्या झाडाखाली उभा रवल्यासारखा.’’

सहावी बाटली मुलीची लाडकी. तीच महागातली, हे तिला ठाऊक होतं, कारण वर्तमानपत्र तिनेच गुंडाळलेलं. तिने मोठ्या आशेने ग्लास पुढे केला.

वन्संनी नाक मुरडलं. ‘‘जुना कपाट पावसात उघडल्यासारखा. भिजलला लाकूड.’’

‘‘आत्या, तेच तर तिचं वैशिष्ट्य आहे! लाकडाच्या पिंपात मुरवतात ती.’’

‘‘मगे पिंपच पिया,’’ वन्सं म्हणाल्या आणि आंघोळीला गेल्या.

वर्तमानपत्र काढून बघितलं, तर चौथी आणि पाचवी म्हणजे सहांतल्या सगळ्यांत स्वस्त दोन. मला आनंद होईना. एवढ्या स्वस्त वाइन बोटीवरच्या माणसापुढे कशा ठेवायच्या? तीन दिवस मी झुरले. शेवटी दुकानदाराला फोन करून त्याच दोहोंचे खोके सांगितले, आणि त्याने ‘टीचर, तुम्ही कोणाला दाखवून घेतलंत?’ असं विचारल्यावर फोन ठेवून दिला.

रिसेप्शनच्या दिवशी मी वाढप्यांवर नजर ठेवून होते. टोस्ट झाला, सगळ्यांनी ग्लास उंचावले, बॅण्ड वाजला. माझं लक्ष फक्त व्याह्यांकडे. उंच, सरळ, काळा सूट. त्यांनी ग्लास दिव्यापुढे धरला. हळूच फिरवला. नाकाजवळ नेला आणि डोळे मिटले. मग एक घोट घेऊन कितीतरी वेळ तो तसाच धरून ठेवला. आणि ग्लास घेऊन तडक आमच्या टेबलाकडे यायला निघाले.

‘‘उठून जाऊ या?’’ नवऱ्याने विचारलं.

‘‘मुलीचं लग्न आहे,’’ मी म्हटलं.

व्याही आमच्यासमोर उभे राहिले. ‘‘हें कोणें वेंचून काडलें?’’

मी नवऱ्याकडे बोट केलं, त्याच क्षणी नवऱ्याने माझ्याकडे. शेजारच्या टेबलावर सर्वणची सगळी मंडळी बसली होती, म्हणून मी घाईने म्हटलं, ‘‘दुकानदाराने. सगळं त्यानेच निवडून दिलं.’’

‘‘खूप बरें,’’ व्याही म्हणाले. ‘‘ह्या पैशांत असलें म्हाका मेळचें नाशिल्लें. भोव हुशार मनीस तो.’’

इथवर सगळं ठीक होतं. पण माझ्या पलीकडे वन्सं बसल्या होत्या. शपथ आम्हाला घातलेली, त्यांनी स्वतः घेतलेली नव्हती.

‘‘दुकानदार हुशार?’’ त्या खुर्चीवरून उठल्याच. ‘‘तेणी सहांतली एक आंबलली दिलेली! मी वास घेतलय म्हणून!’’

सर्वणच्या टेबलावर वन्संचे दीर तळलेल्या इसवणीचा तुकडा तोंडाशी धरून तसेच थांबले. वन्संनी ओठ मिटून घेतले, पण आता काय उपयोग?

व्याही मात्र इतके खूश झाले की त्यांनी वन्संना चक्क वाकून नमस्कार केला. सगळी हकिगत ऐकून घेतली. मग स्वतः जाऊन मुलाच्या टेबलावरून एक काळपट बाटली दोन्ही हातांत धरून आणली. मुलगा जन्मला त्या वर्षी बोटीच्या कप्तानाने त्यांना ती भेट दिली होती. त्याच्या लग्नात उघडायची म्हणून इतकी वर्षं कपाटात जपलेली. बूच नुकतंच काढलं होतं. म्हणाले, ‘‘बाय, एकदां हाचो वास घेयात.’’

वन्संनी वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. त्या खोटं बोलतील अशी मी देवाकडे प्रार्थना केली. त्या खोटं बोलल्या नाहीत, पण जन्मात पहिल्यांदा मी त्यांना इतक्या मऊ आवाजात बोलताना ऐकलं.

‘‘एके काळी खूप बरी होती ही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्ही जरा जास्तच राखलात.’’

व्याह्यांनी स्वतः बाटली हुंगून बघितली. तेवढ्यात मागून विहीणबाई आल्या. काय झालं ते ऐकलं आणि हसता हसता खुर्चीवर बसल्याच. ‘‘दर शनिवारी मी हिची धूळ पुसलीय!’’ त्या म्हणाल्या. ‘‘तीन घरं बदलली, तर हे सामानाच्या गाडीत हिला मांडीवर घेऊन बसायचे. मला मांडीवर घेतलं नाही कधी!’’ मग व्याहीसुद्धा हसले. आधी बळेच, नंतर खरोखरच. ती बाटली विहीणबाईंनी बूच लावून पर्समध्ये ठेवली. व्हिनागर म्हणून पोर्क विंदालूला चालेल म्हणाल्या. नवरानवरीच्या ग्लासांत आमचीच जांभळी वाइन ओतली गेली.

सर्वणच्या मंडळींचं काय, तर वन्संच्या दिरांनी मासा संपवला, जागेवरून उठून आले, आणि आपल्या ग्लासातली वाइन त्यांच्यापुढे धरून विचारलं, ‘‘वैनी, ही बरी आसा मा? पिऊ?’’

लग्न जानेवारीत झालं. मार्चमध्ये बोंडू पडायला लागले तेव्हा नवऱ्याने मला काही न सांगता मोटरसायकल काढली आणि सर्वणला गेला. परत आला तेव्हा मागे वन्सं बसल्या होत्या, मांडीवर कपड्यांची पिशवी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भट्टीवर गेल्या, आंबत ठेवलेला सगळा रस एकदा हुंगला आणि दोन पिंपं ओतून टाकायला लावली. नवरा दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मला भट्टीवर लाकडं रचल्याचा आवाज आला, आणि त्याचा विचारणारा आवाज, ‘‘बाय, आज चूल लावू, की उद्या?’’