वाडीकडची खिडकी

मी तुळिंजच्या फ्लॅटमध्ये वाढले. आमच्या हॉलची खिडकी समोरच्या बिल्डिंगच्या स्वयंपाकघराकडे तोंड करून होती. त्यांच्याकडे फोडणी पडली की शिंका आम्हाला यायच्या. त्यामुळे माझं लग्न ठरलं आणि मुलाचं घर निर्मळ गावात आहे, मागे केळीची वाडी आहे असं कळलं, तेव्हा मला नवऱ्याइतकाच त्या वाडीचाही आनंद झाला होता. लग्नानंतर हे मी त्याला सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, "माझ्याइतकाच? मला वाटलं जास्त झाला असेल."

पण सासरच्या घरात पाऊल ठेवलं आणि माझा विरस झाला. पुढच्या खोलीत भर दुपारी ट्यूबलाइट लावलेली. खिडक्या दोन, दोन्ही रस्त्याच्या बाजूला आणि दोन्ही इतक्या लहान की आलेला माणूस कोण ते बघायला डोकं तिरकं करावं लागे. वाडी होती पूर्वेला, आणि त्या बाजूला नुसती सपाट भिंत. भिंतीला टेकून काचेचं शोकेस, त्यात बाहुल्या, कपबश्या आणि नवऱ्याला शाळेत मिळालेला एक कप. भिंतीच्या पलीकडे केळी, मोगरा, सोनचाफा, सगळं होतं. अलीकडे बसलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नसे.

मी तेव्हा अंधेरीला एका इंटिरियर डिझायनरच्या ऑफिसात ड्रॉइंग काढायचं काम करत होते. दिवसभर दुसऱ्यांच्या बैठकीच्या खोल्या काढायच्या, आणि संध्याकाळी घरी येऊन ट्यूबलाइटखाली चहा प्यायचा. लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं. एका रविवारी जेवताना नवऱ्याने विषय काढला, की हॉल आता नवा करून टाकू. त्याच्या बँकेतल्या मित्राने केला होता तसा, सनमायका लावून, वर फॉल्स सीलिंग करून.

मी म्हणाले, "आधी त्या भिंतीत खिडकी करू या."

सासऱ्यांनी ताटातून मान वर केली. "केवढी?"

"जवळजवळ भिंतीएवढी, बाबा."

"मग भिंत कुठे राहिली?"

सासरे घरच्या बोलीत बोलायचे. ती मला समजायची, पण आजही लिहिता येत नाही, म्हणून त्यांचं बोलणं मी माझ्या मराठीत सांगते आहे. त्यांचा मुद्दा साधा होता. त्यांचा सगळा दिवस वाडीत जायचा. घरी आल्यावर त्यांना वाडी नको असायची, सावली हवी असायची. सासूबाईंनी विचारलं, "शोकेस कुठे जाईल? आणि साप आला तर?" नवरा म्हणाला, "पावसाचं काय?" त्यावर मी उत्तर तयार ठेवलं होतं. आमच्याकडे पाऊस समुद्राकडून, पश्चिमेकडून झोडपतो. पूर्वेच्या खिडकीला तेवढा मार बसणार नाही, वर रुंद छज्जा काढला की झालं. पण कुणाला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

पुढच्या रविवारी मी रीतसर ड्रॉइंग काढून आणलं. ट्रेसिंग पेपरवर, मापांसकट. सासऱ्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि कागद परत माझ्या हातात दिला.

"छान काढलंयस. पण यात वाडी कुठे आहे?"

मला राग आला आणि हसूही आलं. ड्रॉइंगमध्ये खिडकीच्या पलीकडे खरंच काही नव्हतं, कोरा कागद होता.

त्या दिवशी दुपारी सासरे झोपले होते, तेव्हा मी नवऱ्याला मागच्या अंगणात ओढून नेलं. केळीच्या घडाला टेकू द्यायचे बांबू तिथे रचून ठेवलेले असत. आम्ही दोन उभे रोवले, दोन आडवे सुतळीने बांधले. खालचा आडवा बांबू खुर्चीच्या बैठकीच्या उंचीवर, वरचा दाराच्या उंचीवर. मी टेप लावून मापं घेत होते आणि नवरा म्हणत होता, "शेजारी बघतायत गं." शेजारी बघतच होते. शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "मांडव घालताय? कुणाचं ठरलं? आम्हाला काही कळवलं नाहीत!"

"लग्नाचा नाही, खिडकीचा आहे," मी म्हणाले. त्यांना काही उलगडा झाला नाही. त्या गेटातून आत आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

मग आम्ही घरातल्या चार खुर्च्या बाहेर आणल्या आणि भिंतीला पाठ लावून ओळीने मांडल्या. समोर बांबूंची चौकट, तिच्या पलीकडे वाडी. सासरे उठून बाहेर आले तेव्हा मी चहा तिथेच नेला. "बाबा, इथे बसून प्या. आता तुम्ही हॉलमध्ये बसला आहात असं समजा."

ते बसले. सुरुवातीला चेहऱ्यावर 'सुनेच्या हौशीसाठी' असा भाव होता. ऊन उतरलं होतं. घरावरून ते तिरकं केळीवर पडत होतं आणि पानं कडेला पिवळी दिसत होती. पाटाचं पाणी चालू होतं. दोन साळुंक्या पाटात उतरून अंघोळ करत होत्या. सासऱ्यांचा चहा संपला, तरी कप हातातच राहिला.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "वाडीत मी कधी बसलोच नाही."

मग त्यांनी डाव्या बांबूकडे बोट दाखवलं. "हा इकडे घे जरा. चाफा कापला जातोय."

नवऱ्याने बांबू उपटला आणि हातभर सरकवून परत रोवला. चाफा आत आला. मग काकूंनी सुचवलं की उजवीकडची विहीरही आली तर बरं. सासूबाई इतका वेळ दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "विहीर कशाला? तिथे धुणं वाळतं," आणि बोलता बोलता चौथ्या खुर्चीत येऊन बसल्या. अंधार पडेपर्यंत आमची खिडकी इकडून तिकडे सरकत राहिली.

पुढचा आठवडाभर चौकट तशीच उभी होती. ऑफिसातून येऊन बघावं, तर कुणी ना कुणी खुर्चीत बसलेलंच असायचं.

मग एका सकाळी सासरे मला म्हणाले, "चल, एक दाखवतो." वाडीच्या टोकाला एक पत्र्याची शेड होती, तिथे त्यांनी गोणपाट बाजूला केलं. खाली फणसाचे ओंडके होते. माझ्या लग्नाच्या आधी कधीतरी मे महिन्याच्या वादळात वाडीतला जुना फणस पडला होता. लहानपणी सासरे त्याच्यावर चढायचे, त्याच्यावरून एकदा पडून हातही मोडून घेतला होता. लाकूड मागायला बरेच लोक येऊन गेले, पण त्यांनी कुणाला दिलं नाही आणि स्वतःही त्याचं काही केलं नाही.

"खिडकीला हे चालेल?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात शंका होती, जणू मी नाही म्हणेन.

मी म्हणाले, "बाबा, खिडकीलाच काय, बैठकीलाही हेच घेऊ या."

लाकूड गिरणीत नेऊन फळ्या पाडून आणल्या आणि सुताराने अंगणातच काम मांडलं. रंधा मारला की आतून हळदीसारखा पिवळा रंग निघायचा. सासूबाई जाता-येता फळीवरून हात फिरवायच्या. नवऱ्याचा मात्र सनमायकावरून जीव निघत नव्हता. "लाकूड असंच उघडं ठेवायचं? लोक म्हणतील काम अर्धवट राहिलं."

"लोकांना म्हणू दे," सासरे म्हणाले. "फणस आहे. झाकायचा कशाला?"

भिंत फोडली तो दिवस मला लख्ख आठवतो. मी मुद्दाम रजा घेतली होती. शोकेस आधीच आतल्या खोलीत गेलं होतं. घणाचे घाव बसत होते, खोलीभर धूळ, आणि आम्ही सगळे तोंडाला पदर-रुमाल लावून उभे. एक मोठा तुकडा बाहेर पडला आणि उजेडाचा पट्टा थेट जमिनीवर आला. दुपारपर्यंत सगळी भिंत उघडी झाली. सासूबाईंनी केरसुणी घेतली, मग ओलं फडकं, आणि एकदम ओरडल्या, "अगं बाई, ही लादी लाल आहे!"

त्या लग्न होऊन आल्यापासून ती लादी तपकिरी समजत होत्या. उजेडात पुसल्यावर दिसलं की ती गडद लाल होती, आणि कडेने पांढऱ्या वेलीची बारीक नक्षी होती. आम्ही चौघंही खाली वाकून ती नक्षी बघत बसलो. कामावरचे गडी आमच्याकडे बघत राहिले.

खिडकी बसली. चोरांची भीती म्हणून बारीक उभे गज घातले, खाली भिंतभर लांब फणसाची बैठक केली, गाद्या न घालता. फॉल्स सीलिंगचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. नवऱ्याने बैठकीचा कोपरा धरला आणि पेपर वाचायला तिथेच बसायला लागला. सनमायकाचं विचारलं की तो पेपर जरा वर धरायचा.

खिडकीचा पहिला खरा फटका सासऱ्यांना बसला. डॉक्टरांनी त्यांची विडी बंद केली होती आणि ती बंद आहे असं आम्ही सगळे समजत होतो. एका सकाळी मी चहा घेत होते आणि सासूबाई बैठकीवर, मांडीवर सूप घेऊन शेंगा सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. केळीच्या आडून धुराची बारीक रेघ वर चालली होती.

"अहो!" त्यांनी इतक्या जोरात हाक मारली की शेजारच्या काकू बाहेर आल्या. "दिसतंय मला सगळं!"

केळीची पानं हलली. सासरे बाहेर आले, हात मागे. खिडकीपाशी येऊन त्यांनी गजांतून माझ्याकडे बघितलं. "तरी मी विचारत होतो, भिंत कुठे राहील म्हणून."

सासूबाईंना इतकं हसू फुटलं की शेंगांचं सूप मांडीवरून खाली गेलं. विडी त्यानंतर बरीच कमी झाली.

सासूबाई पहाटेपासून फुलं ओवायच्या. मोगरा, कागडा, मोसमाप्रमाणे जे असेल ते, बाजारात पाठवायला. पूर्वी त्या स्वयंपाकघरात दिव्याखाली एकट्याच बसत. खिडकी झाल्यावर त्या टोपली घेऊन बैठकीवर आल्या. मग काकू आपली टोपली घेऊन आल्या, मग गल्लीतल्या आणखी दोघी. राजोडीहून सासूबाईंची बहीण, आमच्या मावशी, राहायला आल्या की त्याही यायच्या. त्यांना ओवता येत नसे, त्या नुसत्या गप्पा पुरवायच्या.

सुट्टीच्या दिवशी मला जाग यायची ती या बायकांच्या हसण्याने. एकदा मी डोळे चोळत बाहेर आले, तर सगळी बैठक भरलेली, लाल लादीवर फुलांचे ढीग, आणि पूर्वेचं ऊन सगळ्यांच्या हातांवर.

"ये, बस," मावशी म्हणाल्या आणि सरकून जागा केली. "तुझ्या ऑफिसात असला हॉल आहे का गं कुणाचा?"

"नाही," मी म्हणाले आणि एक दोरा उचलला.