चुलीसाठी उचललेले तीन दगड

सहलीच्या पत्रकात मंडळाच्या चिटणिसांनी छापलं होतं : 'प्राचीन अवशेष, ग्रामजीवन व स्थानिक पेयाचा आस्वाद. मार्गदर्शक – एक विदुषी.' विदुषी म्हणजे मी. वय तेवीस, एम.ए. नुकतंच झालेलं, पायात बहिणीच्या चपला. स्थानिक पेय म्हणजे मोहाची दारू, पण तसं उघड छापायची चिटणिसांची छाती नव्हती. महाल भागात राहणारा, कचेरीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ हौसेनं सहल मंडळ चालवायचा आणि बोलताना प्रत्येक गोष्टीला 'एकदम फर्स्टक्लास' म्हणायचा. रामदासपेठेतून रविवारी सकाळी सातला बस सुटणार होती. मी साडेसहालाच हजर होते, आणि माझ्या मागे धुतलेला पांढरा शर्ट घालून बाबा उभे होते.

बाबा का आले होते ते आधी सांगते, कारण त्या दिवशी मला अवशेष, ग्रामजीवन वगैरे कशाचंच काही पडलं नव्हतं. डिसेंबरात उत्खननाला जाणाऱ्या तुकडीत आमच्या सरांनी माझं नाव घातलं होतं. तीन महिने तंबूत राहायचं, खणायचं, मोजायचं, नोंदी करायच्या. मुलगी मी एकटीच. सर म्हणाले होते, "घरून होकार आणा, त्याशिवाय मी नेणार नाही. सोमवारी सकाळपर्यंत सांगा." आणि बाबा नाही म्हणत होते.

बाबा गवंडी. ज्या रस्त्यावरून आमची बस निघाली तिथली चार घरं तरी त्यांच्या हातची होती. आई लग्न झाल्यापासून त्यांच्याच कामांवर टोपली वाहायची. छप्पन साली दोघांनी दीक्षा घेतली तेव्हा मी पाच वर्षांची होते, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात दोन गोष्टी पक्क्या झाल्या. दारूचा थेंब उंबऱ्याच्या आत येणार नाही, आणि पोरं शिकतील. बाबांच्या वडिलांना दारूनंच नेलं होतं, त्यामुळे पहिल्या गोष्टीवर घरात कधी चर्चाही झाली नाही. दुसऱ्या गोष्टीसाठी त्यांनी काय काय केलं ते सांगत बसले तर सहल राहून जाईल.

मी उत्खननाचं काढलं त्या दिवशी जेवता जेवता त्यांचा हात थांबला होता. "तुह्या मायनं टोपलं वाह्यलं. म्या माती कालवली. तुले एम.ए. काहून केलं, पुन्हा मातीच खोदाले?"

"बाबा, ती माती वेगळी असते," मी म्हणाले.

"माती मातीच असते वं."

यावर मी दोन दिवस अबोला धरला. माझा स्वभाव असाच आहे, वाद जिंकता येत नसला की मी फुगून बसते. तिसऱ्या दिवशी बाबाच म्हणाले, "त्या सहलीत तू ते जुनं काय काय दाखवशीन म्हणते ना? मले दाखव. पाहतो, काय ठेवलं हाय तिथं ते." म्हणजे निकाल त्या रविवारी लागणार होता.

सकाळी एक पडकं हेमाडपंती देऊळ झालं. सहलीतल्या मंडळींनी त्याच्या पायऱ्यांवर बसून चिवडा खाल्ला, शिल्पांकडे एकेक नजर टाकली आणि पुढे काय आहे ते विचारलं. बाबांनी देवळात पाऊल टाकलं नाही. बाहेरूनच दगडांचे सांधे बघत एक चक्कर मारली आणि बसमध्ये जाऊन बसले. कसं वाटलं म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "चुना नाही लावला कुठंच." एवढंच.

दुपारी आम्ही काटोल रस्त्याच्या बाजूला आत वळलो. गाव लहान, बहुतेक घरं गोंडांची, अंगणं शेणानं सारवलेली, दारात सुकत घातलेल्या शेंगा. गावाबाहेरच्या माळावर ती शिळावर्तुळं होती. काळ्या दगडांची मोठमोठी कडी, मध्ये मुरूम आणि गोट्यांचा उंचवटा. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी आपली माणसं पुरून भोवती हे दगड रचले. गावातली एक म्हातारी बाई मोह गाळायची. चिटणिसांनी तिच्याशी आधीच बोलून ठेवलं होतं. जेवणाच्या वेळेला ती मडकं घेऊन माळावर येणार होती.

मी बोलायला सुरुवात केली. खोटं कशाला सांगू, मी त्या पस्तीस माणसांसाठी बोलतच नव्हते. सगळ्यांच्या मागे पळसाच्या सावलीत उकिडवं बसलेल्या एका माणसासाठी बोलत होते. आत काय सापडतं ते सांगितलं : लोखंडी कुऱ्हाडी, घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने, काळी-तांबडी भांडी. एकेका दगडावर वाटीसारखे खळगे कोरलेले असतात ते दाखवलं. आवाज चढवला, हातवारे केले. बाबांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मग मी आणखी जोरात बोलले. एक काकू शेजारणीला म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे, पण भांडून राहिली कोणाशी?"

मी बाबांचं तोंड बघत होते आणि माझ्या पाठीमागे आमच्याच मंडळींपैकी चौघं चहाची सोय बघत होते. पातेलं होतं, काटक्या होत्या, चुलीला दगड हवे होते. शिळावर्तुळाचीच माहिती ऐकत त्यांनी शिळावर्तुळातले तीन दगड उचलले. मोठ्यांना हात घालवेना म्हणून त्यातल्या त्यात लहान निवडले, ढकलत-लोळवत उंचवट्याच्या मधोमध आणले आणि चूल पेटवली. धूर माझ्या डोळ्यांत गेला तेव्हा मी वळून बघितलं.

 ज्या जागेवरचा खडासुद्धा मोजल्याशिवाय हलवायचा नाही हे मी दोन वर्षं शिकले, तिथं माझ्या देखरेखीखाली चहा उकळत होता.

त्याच वेळी म्हातारी आली. डोक्यावर मडकं, हातात पळसाच्या पानांचे द्रोण. चुलीपाशी येऊन थांबली. ओरडली नाही. मडकं खाली ठेवलं आणि चिटणिसांना म्हणाली, "आमच्या बुढ्यांच्या छातीवर चूल पेटवली तुमी?"

गावात रीत अशी होती की त्या वर्तुळात आतल्यांना घास दिल्याशिवाय कुणी दाणा खायचा नाही, आणि आग तर न्यायचीच नाही. ते बुढे तिच्या रक्ताचे होते का नव्हते हे माझी पुस्तकं सांगू शकत नव्हती. पण त्यांची काळजी घेणारं दुसरं कुणी नव्हतं, हे मला दिसत होतं. आणि हे सगळं विचारून घेणं माझं काम होतं. दोन दिवस अबोला धरण्याऐवजी मी एकदा गावात येऊन गेले असते तर ही वेळ आली नसती.

"माफी, बाई, माफी," चिटणीस घाईनं म्हणाले. "विझवा रे ती चूल. अन् ते दगड देऊन टाका परत तिकडे, कुठंही ठेवा. एकदम फर्स्टक्लास दिसलं पाहिजे."

"कुठंही नाही!" मी किंचाळलेच. "हात लावू नका कोणी! आता तरी लावू नका!"

 चिटणिसांचं तोंड एवढंसं झालं. मला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि सगळ्यात लाज याची वाटत होती की हे सगळं बाबांसमोर झालं. सोमवारचा होकार मला त्या राखेत गेलेला दिसत होता.

बाबा उठले. शर्टाच्या बाह्या वर केल्या, चपला वर्तुळाबाहेर काढल्या आणि म्हातारीला विचारलं, "माय, आत येऊ काय?"

तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "ये गा."

पुढचा तासभर पस्तीस माणसं बघत होती. बाबांनी आधी दगडांना हातच लावला नाही. कड्यावरून हळूहळू फिरले, जमिनीकडे बघत. जिथून दगड उचलला होता तिथं ओलसर खळगा होता, कडेला मुंग्या सैरावैरा पळत होत्या. "हा एक," ते म्हणाले. मग पाणी ओतून विझवलेल्या चुलीपाशी आले, दगड थंड झालाय का ते बघितलं, पालथा केला. जी बाजू जमिनीत होती ती मातीनं माखलेली, वर होती ती उन्हानं करडी पडलेली. ओल्या मातीची रेघ दगडावर जिथं संपत होती तिथं बोट ठेवून म्हणाले, "इथवर गाडला होता." दोघांच्या मदतीनं त्यांनी दगड आणला, फिरवला, पुन्हा फिरवला, आणि खाली सोडला तेव्हा तो बसल्याचा आवाज झाला. दुसराही तसाच बसला. मी जवळ उभी राहून बघत होते. हेच तर सर आम्हाला वर्षभर शिकवत होते, आणि माझा बाप शाळेत न जाता ते करत होता.

तिसरा बसेना. डावीकडे कलायचा. बाबांनी सवयीनं इकडंतिकडं बघितलं आणि एक कपची उचलली. "खाली चिप घालतो. बसते."

"नाही बाबा," मी म्हणाले. "बाहेरची चिप नाही घालायची. पहिले काय होतं ते बघू द्या."

कामावर त्यांना असं कुणी थांबवलेलं चालत नसे. पण ते बाजूला झाले. मी बहिणीच्या चपला काढल्या, गुडघ्यांवर बसले आणि खळग्यातली सैल माती बोटांनी बाजूला केली, थोडीथोडी, कडेकडेनं. दगड ओढताना माती ढासळून आत पडली होती. तिच्याखाली काहीतरी टणक लागलं. फुंकर मारली. एकावर एक तिरप्या बसवलेल्या दोन कपच्या होत्या, डाव्या बाजूला, बरोबर जिथं दगड कलत होता तिथंच. वर सैल माती साचल्यामुळे दगड त्यांच्यावर टेकत नव्हता, मातीत रुतून कलत होता.

"बाबा, हे बघा."

ते माझ्या शेजारी उकिडवे बसले.  मग एक बोट खाली घालून त्यांनी वरच्या कपचीची कड चाचपली, हलते का बघितलं. हलली नाही.

"हे आपोआप नाही बसलं," ते म्हणाले. "कोणंतरी बसवलं हाय. दगड कलून राह्यला म्हणून."

"हो."

"पतली चिप खाली, जाड वर. मीबी असंच करतो." त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका हळू झाला होता. "गवंडीच होता वं तो!"

 सबंध दिवस घसा ताणून जे सांगायचा मी प्रयत्न केला होता, ते मला स्वतःलाच तोवर कळलं नव्हतं. मी कुऱ्हाडी आणि घोडे सांगत बसले होते.

दगड आम्ही दोघांनी मिळून ठेवला. बसला.

म्हातारीनं द्रोण भरला आणि बाबांपुढे धरला. ज्यानं चूक निस्तरली त्यानंच आतल्यांच्या नावानं धार सोडायची आणि उरलेलं प्यायचं, असा तिचा हिशेब. मोहाचा उग्र गोड वास माझ्यापर्यंत आला. बाबांनी हात जोडले.

"माय, राग मानू नको. दारूले हात नाही लावत मी, अन् मेलेल्यांच्या नावानं काई करत नाही. शपथ घेतली हाय. पण दगड पुन्हा कोणी हलवला तर मले बलाव, मी येतो."

म्हातारीनं द्रोण मागे घेतला. "शपथ हाय त हाय," म्हणाली, आणि स्वतःच धार सोडली. मग पदराच्या गाठीतून भाजलेली मोहफुलं काढून बाबांच्या तळहातावर ठेवली. बाबांनी संशयानं हुंगली. "यात दारू नाही ना?"

"फूलच हाय बापू. दारू मी काढली त होते."

बाबा हसले आणि फुलं तोंडात टाकली. नंतर मंडळींनी घोट घोट आस्वाद घेतला, चिटणिसांनी दोन द्रोण घेतले आणि गावाबद्दल एक भाषण केलं, ते कुणी ऐकलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी होते, बाबा शेजारी. विचारायचा मला धीर होत नव्हता. बस डांबरी रस्त्याला लागली. मी मनातल्या मनात सरांना नाही कसं सांगायचं त्याची वाक्यं जुळवायला लागले होते.

"खोदल्यावर त्याचं नाव भेटते काय?" बाबांनी एकदम विचारलं.

"कोणाचं?"

"ज्यानं थे चिप घातली त्याचं."

"नाही बाबा. राजाचं भेटलं तर भेटतं कधीमधी. त्याचं नाही भेटत."

ते समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिले. त्यांच्या हातांनी बांधलेल्या एकाही घरावर त्यांचं नाव नव्हतं, हे मला माहीत होतं, पण आजवर मी त्याचा विचार केला नव्हता. मी त्यांचा हात हातात घेतला. लहानपणानंतर पहिल्यांदाच घेतला असेन.

"मंग उद्या जाऊन हो सांग तुह्या सरले," बाबा म्हणाले. "अन् तिथं गेली की त्याचं काम तरी नीट लिहिजो."