पारंपरिक

आमच्या इथल्या छोट्या नाट्यगृहात लेकीच्या ग्रुपचं रॉक संगीतनाटक होतं. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, नुसतं माइकपुढे उभं राहून गायचं. आणि गिटार तर अशी की छातीत धडधडावं! मध्येच सगळं शांत झालं नि लेक म्हणाली, "आता एक पारंपरिक अंगाई."

गायली ती माझी अंगाई. तिला गोवर आला होता तेव्हा तिला मांडीवर घेऊन मीच जुळवलेली. फक्त 'चिमे' या तिच्या लाडाच्या नावाच्या जागी तिने 'बाळा' घातलं होतं.

मध्यंतरात विचारलं, तर म्हणते, "अगं आई, पारंपरिक म्हटलं की लोकांना अस्सल वाटतं."

"अगं, पण मी जिवंत आहे ना अजून!"

ती हसली आणि आत पळाली.

आपण ज्यांना पारंपरिक म्हणतो, त्या ओव्यांमधूनही कुणा बाईच्या लेकराचं नाव असंच पुसलं गेलं असेल का? आणि पुसणारं तेच लेकरू?

खेळ संपल्यावर जिन्यात एक अनोळखी बाई तीच अंगाई गुणगुणत होती. मला म्हणाली, "आमची आजी अगदी हीच म्हणायची हो!"

मी म्हटलं, "आवाज गोड असेल त्यांचा."