वंदनाच्या नमुन्यातलं केराटिन

वंदना गेल्याचा तिच्या भावाचा फोन आला तेव्हा मी हातमोजे घालत होते. फोन ठेवला, दुसरा मोजा चढवला, यंत्र सुरू केलं आणि मग दहिसरला तिच्या घरी निघाले. असं का केलं, मला कुणी विचारलं नाही. रडू तेव्हा आलं नाही, अजूनही आलेलं नाही.

अंधेरीतल्या आमच्या प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचं वजन सांगणारं यंत्र, वंदनाच्या ताब्यात असे. नव्या मुलांना ती एका दमात शिकवायची, "प्रथिन अख्खं ओळखू येत नाही रे. त्याचे तुकडे करायचे, त्यांना विद्युतभार द्यायचा, यंत्रात सोडायचे. वजनांवरून कळतं, तुकडे कुणाचे. आणि टोपी घाल आधी!" टोपीवरून ती कुणालाच सोडत नसे. आपल्या केसांत, कातडीत केराटिन नावाचं प्रथिन असतं. त्याचा कण नमुन्यात पडला की यंत्र रुग्णाच्या रक्तातलं बाजूला ठेवून केराटिनचंच गाणं गात बसतं. एकदा थंडीत मी लोकरीचा स्वेटर घालून आले, तर तिने दारातच अडवलं. "मेंढी घेऊन आलीस काय गं? रिपोर्टमध्ये तीच येणार ना!"

आजारपणात तिचे केस गेले, तरी टोपी घालूनच कामाला यायची. मी म्हटलं, "आता कशाला गं?" तर म्हणाली, "कातडी आहे ना अजून..." आम्ही दोघी खूप हसलो.

परवा तिने तयार करून फ्रीझरमध्ये ठेवलेला शेवटचा नमुना मी यंत्रात घातला. प्रथिनांची यादी आली, तर वरपासून केराटिनच केराटिन. तिच्या कामात असं कधी नसायचं. हात थरथरत असणार, मोजा निसटला असणार... तिने कळू दिलं नाही. केराटिनवरून माणूस ओळखता येत नाही, ते सगळ्यांचं सारखंच. पण ती नळी तिनेच भरली होती.

असलं केराटिन गाळायला संगणकावर एक खूण करायची असते. मी ती रोज करते. त्या दिवशी हात पुढे जाईना. वंदनाचं माझ्याजवळ उरलेलं एवढंच होतं. पण नमुना कुणा आजारी माणसाचा होता, आणि तसाच ठेवला असता तर वंदनाने मला दारात उभं केलं नसतं.

खूण केली. यादी स्वच्छ झाली, तिच्या हातची असायची तशी. मी तिथेच बसून राहिले. टोपी काढायचंही सुचलं नाही.