गाळणकाकांची निळी पेटी

गाळणकाका कधीच घाईत दिसले नाहीत, आणि ईरा, निहार, हे मी दुबईत राहणाऱ्या माणसाबद्दल लिहिते आहे. जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या इमारतीत लोक लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबत राहायचे. काका एकदाच दाबायचे आणि हात मागे बांधून उभे राहायचे. "तिला कळलंय मी आलोय ते," म्हणायचे.

ते आणि सुमनकाकू आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. मूळचे मिरजेचे. समुद्राचं पाणी गोडं करण्याआधी ते वाळूच्या थरांतून गाळून घेतात. ती यंत्रणा आखणं हे त्यांचं काम. गाळणकाका हे नाव तुमच्या बाबाने कॉलेजच्या सुट्टीत ठेवलं. काकांना ते इतकं आवडलं की फोनवरसुद्धा ते "गाळण बोलतोय" म्हणू लागले.

त्यांचा छंदही गाळण्याचाच होता. तरुणपणी जर्मनीत ट्रेनिंगला असताना ते घरच्या घरी बिअर करायला शिकले होते. इथे घरी बिअर करायला परवानगी नाही, म्हणून काका त्यातल्या गोड रसापर्यंत यायचे आणि आंबवण्याआधी थांबायचे. तुमचे आजोबा दर वेळी विचारायचे, "पुढची पायरी कधी, काका?" "ती पायरी विमानतळाच्या पलीकडे आहे," हे उत्तर ठरलेलं. तो रस उकळून, आलं-लिंबू घालून, गार करून ते मजल्यावर सगळ्यांना वाटायचे.

त्यासाठी त्यांनी पिकनिकच्या निळ्या आइसबॉक्सला खाली तोटी बसवली होती. बाथरूमच्या जेट-स्प्रेच्या नळीवर स्टीलचं विणलेलं वेष्टन असतं ना, तसं नवं आणून, सोलून, ते आत तळाशी जोडलं होतं. जव भिजवून त्यांना मोड आणायचे, ते बाल्कनीत खडखडीत वाळवायचे, मग भरडायचे. हा भरडा त्या पेटीत गरम पाण्यात ठेवला की पिठाची साखर होते. मग वरून हळूहळू गरम पाणी घालत खालून रस काढायचा. सगळी कसोटी इथे. चोथा दबून बसला की रस अडतो, आणि अडला की कितीही डोकं आपटा, थेंब येत नाही.

काकांचा रस कधी अडायचा नाही. पहिला गढूळ पेला ते परत वर ओतायचे. चोथ्यावर नेहमी बोटभर पाणी ठेवायचे, त्याला उघडं पडू द्यायचे नाहीत. पाणी गार होऊ द्यायचे नाहीत, कारण गार झालं की सगळं चिकट होतं. आणि तोटी इतकीच उघडायचे की धार सुतळीसारखी यावी. मी एकदा म्हटलं, "काका, जाळी चांगली आहे हो तुमची." ते हसले. "जाळी नुसती दारावर उभी असते, वहिनी. गाळते ती साल. म्हणून जव भरडायचे, दळायचे नाहीत. साल मोडली की गाळणीच मोडली."

२००८ च्या शेवटी मंदी आली. आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन हलायच्या थांबल्या. इमारतीच्या पार्किंगमध्ये धूळ बसलेल्या गाड्या उभ्या राहिल्या; त्यांचे मालक रातोरात देश सोडून गेले होते. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी काकांची कंपनीच बंद झाली. व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात दुसरी नोकरी, नाहीतर परत. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला परत गेल्यावर नोकरीत कोण घेणार, हे काकू माझ्याकडे बोलायच्या, काकांसमोर नाही.

एकच आशा होती. रत्नागिरीकडचे मुकादमशेठ म्हणून एक व्यापारी होते. ते शारजात मॉल्टच्या, म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या, सरबताचा छोटा कारखाना काढणार होते. काकांचा रस त्यांनी एकदा कुणाकडे तरी चाखला होता. शुक्रवारी नमाज झाल्यावर घरी येतो, म्हणाले. काकांनी ठरवलं, ताजा रस त्यांच्यासमोर काढायचा.

त्या आठवड्यात काका मुलाखतींसाठी वणवण फिरत होते, म्हणून भरडायचं काम काकूंनी अंगावर घेतलं. त्या जव घेऊन करामा भागातल्या गिरणीवर गेल्या. गिरणीवाला ओळखीचा. जव बघून त्याला वाटलं, घरात कुणाला तरी साखर झाली. "भाभी, डायबिटीस के लिए ना? एकदम बारीक कर देता हूँ, रोटी फटेगी नहीं." काकूंनी डबा तसाच आणला, आणि शुक्रवारी सकाळी काकू देवपूजेत असताना काकांनी तो पेटीत रिकामा केला. पाणी घातल्यावर त्यांच्या लक्षात आलं, हा भरडा नाही, पीठ आहे. दुसरे जव घरात नव्हते.

आम्ही दोघं मदतीला म्हणून गेलो होतो. तोटीतून चार थेंब आले आणि बंद. काकू दारात उभ्या होत्या, पदर तोंडाशी. "माझ्यामुळे झालं हो."

"गिरणीवाल्याने प्रेमाने दळलंय," काका म्हणाले. "प्रेमाने दळलेलं अडायचंच."

आजोबा खाली वाकले. "पूर्ण उघडा ना तोटी. जोर लागेल."

काकांनी तोटी बंद केली. "अडलं की सगळे तोटी जास्त उघडतात. मग वरचा भार आणखी खाली बसतो." त्यांनी तोटीला नळी लावली, नळीचं तोंड उंच धरलं आणि नरसाळ्यातून गरम पाणी उलटं, खालून वर सोडलं. तो घट्ट गोळा श्वास घेतल्यासारखा वर उचलला गेला. "हा सैल झाला, पण पुन्हा बसेल. याला साल हवी. ती कुठून आणू?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात मुकादमशेठ, हातात हापूसची लाकडी पेटी. "भाभी, गावचा आंबा. आजच उतरलाय."

काकांनी पेटी घेतली, झाकण उचकटलं, आंबे बाजूला ठेवले आणि खालचा भाताचा पेंढा दोन्ही हातांनी उचलला. चेहरा असा, की जणू सोनंच सापडलं.

"काय हो साहेब, आंब्याकडे बघत पण नाय तुम्ही?"

"आंबा नंतर, शेठ. तुम्ही गाळणी आणलीत."

त्यांनी पेंढा धुतला, कात्रीने बारीक कापला, कुकरमध्ये उकळला आणि हलक्या हाताने पिठात कालवला. मग खुर्ची ओढून बसले. अख्ख्या महिन्याची चिंता त्या निळ्या पेटीत होती, आणि हा माणूस चोथा स्थिर व्हायची वाट बघत पाहुण्याला रत्नागिरीतल्या पावसाची चौकशी करत होता. मग त्यांनी तोटी जेमतेम उघडली. पहिला पेला गढूळ आला. तो वर ओतला. दुसराही ओतला. त्यानंतर मधासारखी, काचेसारखी स्वच्छ, सुतळीएवढी धार लागली. ती तुटली नाही. मी आयुष्यात बरंच काही पाहिलं, पण त्या धारेकडे बघताना हात जोडावेसे वाटले.

मुकादमशेठनी पेला उजेडात धरून पाहिला आणि न पिताच खाली ठेवला. "खरं सांगू, साहेब? मी नाय सांगायला आलेलो. बँकेने हात वर केले, कारखाना खलास. फोनवर सांगायची लाज वाटली, म्हणून आंबे आणले."

काकू खाली बसल्या. काका म्हणाले, "आलात हे बरं केलंत. रस घ्या, गार केल्यावर आणखी चांगला लागतो."

"ऐका तरी पुरतं. खोर फक्कानला माझा बर्फाचा कारखाना आहे, मासेवाल्या बोटींसाठी. तिथे पाण्याचा फिल्टर सारखा अडतो. अडला की माझी माणसं पंप वाढवतात." त्यांनी तोटीकडे बोट केलं. "बंद करणारा माणूस मला मिळाला नाय आजवर. मोठं काम नाय हे, तुमच्या लायकीचं नाय. पण व्हिसा होईल, इन्शाल्ला."

काकांनी काकूंकडे पाहिलं. मग इतकंच म्हणाले, "वाळू कुठली वापरता?"

महिना संपायच्या आत ते खोर फक्कानला गेले. जाताना निळी पेटी आमच्या दाराशी ठेवली. "तिकडे मला मोठी मिळाली," म्हणाले. आम्ही सुट्टीत जायचो तेव्हा ते आम्हाला बर्फाची लादी उन्हात धरून दाखवायचे. पलीकडची बंदरावरची क्रेन तिच्यातून आरपार दिसायची. निवृत्तीनंतर ते मिरजेला परतले. आजोबांनी फोनवर विचारलं, "आता तरी पुढची पायरी?" काका म्हणाले, "अहो, आता गोडच आवडायला लागलं."

गेल्या हिवाळ्यात काकूंनी ते गेल्याचं कळवलं. बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पेटी आहे ना गं?" आहे. दुबई सोडताना सोबत आणली; पुण्यात माळ्यावर, कापडात गुंडाळून. यंदा आंबे आले तेव्हा पेंढाही वेगळा काढून वाळवून ठेवलाय.

तुम्ही आलात की पेटी खाली उतरवू. जव मी भरडून आणेन, स्वतः गिरणीवर उभी राहून. तोटी तुम्ही उघडा, पण जेमतेम.