आठ संगणकांचं विश्व

संगणकाच्या डब्यावर पालथा हात ठेवायचा, पोराचा ताप बघावा तसा, आणि म्हणायचं, "निवू द्या सर. तापलेलं गोळा होत नाय." आमच्या भौतिकशास्त्राच्या मॅडम वर्गावर जाण्याआधी रोज एवढं करत.

मॅडम सिल्लोडकडच्या, वयानं माझ्याएवढ्याच. घरी मेंढरं आणि थोडी शेती. कॉलेजात तासिकेवर शिकवायच्या. म्हणजे तास झाला तर मानधन, आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही ते देवाला ठाऊक. अशा बाईनं प्रयोगशाळेतले आठ जुने संगणक एकमेकांना जोडून त्यांत विश्वाचा एक तुकडा चालवायला घेतला होता. सुरुवातीला नुसता पसरलेला वायू आणि अंधार. गणित पुढं सरकेल तसा तो वायू निवत, गोळा होत जाणार आणि त्यातून पहिली दीर्घिका उजळणार.

"मोठमोठ्या यंत्रांवर लई जणांनी केलंय हे," त्या म्हणायच्या. "मला फक्त माझं उजळताना बघायचंय."

पण गाव आपलं संभाजीनगर! एप्रिलात इथं माणसं उकडून निघतात, तिथं जुने संगणक काय तग धरणार? वीज गेली की विश्व बंद. कूलरमध्ये पाणी भरायचं काम मी अंगावर घेतलं. मी संगणक विभागातला, डोक्यानं तापट. पाण्यावरून शिपायाशी माझं रोज वाजायचं.

"कशापायी भांडता सर?" मॅडम हसायच्या. "कोटी कोटी वर्षं थांबलेला वायू हाय. अजून दोन दिवसांनी काय बिघडतं?"

मे महिन्यात पडद्यावरच्या अंधारात गाठी दिसू लागल्या. मॅडम खुर्ची ओढून बघत बसायच्या. मीही शेजारी बसायचो.

आणि त्याच आठवड्यात नोटीस लागली: ऑनलाइन परीक्षेसाठी सगळे संगणक हवेत, आतलं सगळं पुसून. मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन आवाज चढवला. उपयोग शून्य. परत आलो तर मॅडमनी स्वतःच गणित थांबवलं होतं. झालं तेवढं विश्व एका हार्ड डिस्कवर उतरवून घेत होत्या.

"उजळलं नाही ना?" मी विचारलं.

"नाय. थोडंच राह्यलं होतं."

त्या दिवशी त्या हसल्या नाहीत.

जूनमध्ये त्यांना बोलावणं आलं नाही. गावाकडं शिकवण्या घेतात असं कळलं. सुरुवातीला फोन व्हायचे. पुढं चालवलं का, असं विचारलं की म्हणायच्या, "घरात एकच लॅपटॉप सर, त्यो बी पोरांच्या शिकवणीला." मग फोन कमी झाले, मग नंबरच लागेना.

तुम्ही म्हणाल, सिल्लोड काय लांब आहे? नाहीच. पण जाऊन विचारायचं काय?

हल्ली दीर्घिकांचे फोटो मोबाइलवर ढिगानं येतात. लांबच्या, फार जुन्या, सुंदर. मी उघडतही नाही. मला दीर्घिका बघायचीच नव्हती. ती उजळताना मॅडमचा चेहरा कसा दिसतो, तेवढंच बघायचं होतं.